ग्रेसना व्हिसा मिळाला नसता

आखातात राहणाऱ्या वाचकांना २०२२च्या नोव्हेंबरमधला गोंधळ आठवत असेल. पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असेल तर भेटीच्या व्हिसावर संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश नाही, असा नियम तेव्हा लागू झाला. नाव आणि आडनाव असे दोन भाग हवेत. वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, असा खुलासा मागाहून आला, पण तोवर एका नावाने आयुष्य काढलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता.

मला मात्र भलतेच सुचले. मराठी कवितेची एक अख्खी रांग दुबई विमानतळावर उभी आहे आणि काउंटरवरचा अधिकारी एकेकाला परत पाठवतो आहे: केशवसुत, बालकवी, अनिल, कुसुमाग्रज, ग्रेस. ‘ग्रेस’ ही काय पूर्ण ओळख झाली? आडनाव कुठे आहे? खिशात माणिक गोडघाटे या नावाचा पासपोर्ट असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘वाऱ्याने हलते रान’ला २०११चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ग्रेस यांना, आणि वाचक त्यांना शोधणार तेही ‘ग्रेस’ म्हणूनच.

त्या अधिकाऱ्याचा प्रश्न ग्रंथालयातल्या तालिकाकाराला रोज पडतो. समोर आलेले नाव कुणाचे? याआधी येऊन गेलेला तोच हा, की त्याच नावाचा दुसरा? याची दोन नावे असतील तर कोणते पुढे आणि कोणते मागे? ग्रंथालयशास्त्रात याला ऑथॉरिटी कंट्रोल म्हणतात. एका व्यक्तीसाठी एक प्रमाण नाव ठरवायचे, बाकीच्या रूपांवरून ‘पाहा’ अशी खूण करून वाचकाला तिथे आणून सोडायचे, आणि एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे ठेवायचे. हे काम कारकुनी समजले जाते. माझे म्हणणे असे की हे समीक्षेचे काम आहे, आणि मराठीच्या बाबतीत ते आपण जवळजवळ सगळे दुसऱ्यांवर सोडून दिले आहे. आता तर यंत्रांवर.

गडकऱ्यांपासून सुरुवात करू. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. कॅटलॉगमध्ये हा एक माणूस की तीन? जुन्या पाश्चात्त्य नियमांचा कल खऱ्या नावाकडे होता: टोपणनाव उघड झाले ना, मग सगळे खऱ्या नावाखाली घाला. पुढे अँग्लो-अमेरिकन नियमांनी भूमिका बदलली. लेखक ज्या नावाने ओळखला जातो ते नाव धरा, आणि त्याने एका प्रकारचे लेखन एका नावाने व दुसऱ्या प्रकारचे दुसऱ्या नावाने जाणीवपूर्वक केले असेल तर त्या वेगवेगळ्या साहित्यिक ओळखी माना, वेगळ्या ठेवा आणि एकमेकींशी जोडून द्या. २०१०मध्ये आलेल्या आरडीए नियमांनीही ही वाट सोडलेली नाही. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गडकरी नक्कीच नव्हते, पण त्यांना तो अंगावर बेतल्यासारखा बसतो.

पण म्हणून तो बरोबर आहे का? इथे समीक्षकाने तोंड उघडायला हवे. गोविंदाग्रजांच्या कवितेतली शब्दांची उधळण आणि गडकऱ्यांच्या नाटकांतल्या पल्लेदार स्वगतांची उधळण एकाच झऱ्याची आहे असे तुम्ही मानत असाल, तर दोन्ही एका नावाखाली दिसायला हवीत. बाळकराम हा वेगळाच प्राणी आहे, त्याला गंभीर गडकऱ्यांच्या सावलीत बसवले की त्याचे हसू मावळते, असे वाटत असेल तर त्याला स्वतंत्र खुर्ची द्या. दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि बोलायलाच हवे. ‘नियमात बसते म्हणून’ हे उत्तर मात्र पुरेसे नाही.

कुसुमाग्रजांचे तसेच. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे. बहिणीचे नाव कुसुम, तिचे थोरले भाऊ म्हणून कुसुमाग्रज. शिवाय जन्मनाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन. एका माणसाची तीन नावे झाली आणि तिन्ही खरी! दर २७ फेब्रुवारीला दुबईतल्या मराठी कार्यक्रमांत निवेदक ही दोन्ही नावे एका दमात घेतात आणि श्रोत्यांना काही अडत नाही, कारण जोडणी श्रोत्यांच्या डोक्यात आहे. ती डोक्यात नसलेला वाचक आला की अडते.

असा वाचक आमच्याकडे आला, म्हणून हा लेख लिहायला बसले. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये आम्ही वीसेक मराठी घरे पुस्तकांची देवाणघेवाण करतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तुम्हाला ठाऊक असेल: विनायक रानडे यांनी २००९मध्ये सुरू केलेली, शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत पोचवणारी, तिच्या पेट्या दुबईतही आल्या. आमचा कारभार तिच्यापुढे अगदीच घरगुती. ज्याच्या त्याच्या कपाटातली पुस्तके आणि एक सामाईक ऑनलाइन तक्ता: पुस्तक, लेखक, कोणाच्या घरी. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीला शाळेच्या दीर्घ निबंधासाठी १९३०च्या दशकातली मराठी लेखिका हवी होती. आजीने तिला फोनवर नाव सांगितले, मालतीबाई बेडेकर. मुलीने तक्त्यात शोधले, काही नाही. रोमनमध्ये शोधले, काही नाही. मला म्हणाली, “मावशी, आपल्याकडे त्यांचं एकही पुस्तक नाही.”

होते. दोन इमारती पलीकडे ‘कळ्यांचे निःश्वास’ होते आणि ‘बळी’ही. लेखिकेच्या रकान्यात विभावरी शिरूरकर.

मालतीबाईंची गोष्ट तपशिलात सांगते, कारण ऑथॉरिटी कंट्रोलची सगळी दुखणी तिच्यात एकत्र आली आहेत. माहेरच्या त्या बाळूताई खरे. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले इतके उघड लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून महाराष्ट्रात वादळ उठले. टोपणनाव ही त्या वेळी हौस नव्हती, आडोसा होता. १९३८मध्ये विश्राम बेडेकरांशी, ‘रणांगण’च्या लेखकाशी, लग्न झाले आणि त्या मालती बेडेकर झाल्या. म्हणजे एक नाव आईवडिलांचे, एक लग्नाचे आणि एक स्वतः घेतलेले. प्रमाण नाव यांपैकी कोणते?

नियमाने उत्तर सोपे आहे. कथा-कादंबऱ्या ज्या नावाने छापल्या ते धरा. पण नियम जिथे थांबतो तिथून पुढचे प्रश्न सुरू होतात. सगळे मालती बेडेकर या नावाखाली घातले तर १९३३ साली नसलेले आडनाव आपण त्या पुस्तकाच्या कपाळावर चिकटवतो. लग्नाआधी पाच वर्षे लिहिलेले पुस्तक नवऱ्याच्या आडनावाखाली जाऊन बसते. सगळे विभावरी शिरूरकर या नावाखाली ठेवले आणि जोडणी दिली नाही, तर आजीने सांगितलेल्या नावाने नातीला पुस्तक सापडत नाही. माझे मत स्पष्ट आहे: पुढे विभावरी शिरूरकर, आणि उरलेल्या दोन्ही नावांवरून ‘पाहा’. तिने ज्या नावाने बोलायचे ठरवले त्या नावाने तिला हाक मारावी; आडोसा गळून पडला म्हणून नाव गळत नाही. तुम्हाला वेगळे वाटू शकते. फक्त हा निर्णय कुणीतरी विचार करून घेतलेला असावा, आणि तो कुठेतरी लिहिलेला असावा.

उलटी उदाहरणेही मजेची आहेत. शांता शेळके यांनी काही चित्रपटगीते ‘वसंत अवसरे’ या पुरुषी नावाने लिहिली. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत ‘आरती प्रभू’ झाले. नावावरून बाई की पुरुष हे ठरवणाऱ्या कुठल्याही यांत्रिक यादीत हे दोघे हमखास एकमेकांच्या रांगेत उभे राहणार.

आता मोठ्या ग्रंथालयांकडे वळू, कारण परदेशातल्या मराठी वाचकाचा मराठीशी दुवा बऱ्याचदा तिथूनच जुळतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत इतकी मराठी पुस्तके कशी पोचली याचे उत्तर गव्हात आहे. पीएल ४८० या कायद्याखाली भारताला विकलेल्या धान्याचे पैसे रुपयांत साठले, आणि त्यातून १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना पाठवली. त्यांच्या नोंदीही केल्या. मराठी लेखकांची प्रमाण नावे मोठ्या प्रमाणावर, शिस्तीने आणि सातत्याने ठरवण्याचे श्रेय या व्यवस्थेला द्यायलाच हवे. टीका करायची तीही हे मान्य करूनच.

टीका अशी. ती नावे रोमन लिपीत ठरली, आणि ज्या लिप्यंतराने ठरली त्यात प्रत्येक व्यंजनामागचा ‘अ’ लिहायचा असतो, पाय मोडलेला नसेल तर. संस्कृतसाठी हे ठीक. मराठीत आपण शिरवाडकर लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, मधलाही गिळतो. त्या लिप्यंतरात तो गिळत नाही. रोमनमधले ते नाव मोठ्याने वाचले की ‘शिरावाडाकारा’ असे काहीतरी ऐकू येते. पुढे आणखी गंमत. त्या पद्धतीत ‘ष’साठी एस आणि एच ही दोन अक्षरे, पण ‘श’साठी डोक्यावर तिरकी रेघ असलेला नुसता एस. त्यामुळे विष्णूतला ‘ष’ सापडतो, शिरवाडकरांतला ‘श’ हरवतो. ‘च’साठी नुसता सी, म्हणजे खानोलकरांचे चिंतामण इथल्या मुलांना ‘सिंतामाना’ वाटणार. पासपोर्टवर, दारावरच्या पाटीवर, मुलांच्या शाळेच्या हजेरीत मराठी आडनावे जशी लिहिली जातात त्याच्याशी या रूपांचे फारसे नाते नाही. शास्त्र म्हणून पद्धत निर्दोष आहे: त्यावरून मूळ देवनागरी बिनचूक परत मिळते. पण परत मिळवायला आधी ती माहीत हवी.

मग सरळ देवनागरीतच का नाही शोधायचे? इथे अमिरातीत राहणाऱ्याला विशेष टोचणारी गोष्ट येते. ग्रंथालयांच्या यांत्रिक नोंदींचा मार्क हा साचा १९६०च्या दशकातला. त्याच्या जुन्या अक्षरसंचात रोमनखेरीज ग्रीक, सिरिलिक, हिब्रू, अरबी आणि चिनी-जपानी-कोरियन एवढ्याच लिप्या होत्या. २००८पासून प्रमाण नावांच्या अमेरिकन फाइलमध्ये मूळ लिपीतली नावे जोडायची मुभा मिळाली, पण ती याच लिप्यांपुरती. अरबी कवीचे नाव अरबीत जोडता आले, मराठी कवीचे देवनागरीत नाही. देवनागरी लिहिणाऱ्यांची संख्या कमी होती म्हणून हे झाले नाही. संच ठरला तेव्हा तिच्या बाजूने टेबलावर कुणी नव्हते, एवढेच मला दिसते. पुढे युनिकोडमुळे दार उघडले, पण तोवर साचलेल्या नोंदींचे देवनागरीकरण आपोआप होत नाही.

अरबी लिपीत आपली नावे कशी दिसतात हे इथल्यांना वेगळे सांगायला नको. एमिरेट्स आयडीवर नाव अरबीतही असते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पाटील यांचा ‘बातील’ होतो; ‘ट’ही नाही, ‘ळ’चे तर नावच काढू नका. पण ओळख त्या अक्षरांवर टांगलेली नसते. कार्डावर ७८४ने सुरू होणारा क्रमांक असतो, अक्षरे काहीही होवोत. पत्त्यांचेही इथे तेच. सिलिकॉन ओएसिस कुणी ओॲसिस लिहितो, कुणी डीएसओ, अरबीत ‘वाहत’ म्हणजे मरूद्यान. डिलिव्हरीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा इमारतीच्या दारावरचा दहा आकडी मकानी क्रमांक सांगितला की तो बरोबर दारात येतो. नाव बदला, लिपी बदला, दार तेच.

ग्रंथालयांचे जगही गेल्या वीसेक वर्षांत याच दिशेने निघाले आहे. पूर्वी प्रमाण नाव म्हणजे अक्षरांची एक ठरलेली ओळ होती. आता व्यक्तीला क्रमांक आणि नावे ही त्या क्रमांकाला लटकवलेली लेबले. वेगवेगळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या फाइली एकत्र जुळवणारा व्हीआयएएफ २००३मध्ये सुरू झाला, कुणालाही भर घालता येणारा विकिडेटा २०१२मध्ये. यात तत्त्वतः सगळे झगडे मिटतात. गोविंदाग्रज पुढे की गडकरी पुढे याची भांडणे नकोत; एक क्रमांक आणि त्याखाली वाटेल तितकी नावे, वाटेल त्या लिपीत.

तत्त्वतः. पण हा क्रमांक एका माणसाचा आहे हे ठरवणार कोण? मोठ्या जुळवण्या यंत्रे करतात: नाव, जन्मसाल, पुस्तकांची शीर्षके ताडून. आणि मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर यंत्राला धरायला फारसे काही नसते. जन्मसाल क्वचित. ‘प्रा.’, ‘डॉ.’ मात्र न चुकता. वर आद्याक्षरे.

आद्याक्षरांबद्दल थोडे थांबते, कारण त्यांना उगाच नावे ठेवली जातात. पु. ल. देशपांडे, पु. य. देशपांडे, ना. घ. देशपांडे आणि आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे ‘अनिल’. एका आडनावाचे चार साहित्यिक, तेही आगेमागे एकाच काळातले, आणि मराठी वाचकाने त्यांची कधी गल्लत केली नाही. कारण ‘पु. ल.’ हे आपल्या कानाला आद्याक्षर नसून नावच आहे. मराठी समाजाने कुठल्याही कॅटलॉगशिवाय उभी केलेली ही ओळख-व्यवस्था आहे, आणि ती चोख चालते. मात्र ती कानावर चालते. आमच्या तक्त्यात पुलं पाच रूपांत होते: टिंबानंतर जागा सोडून, जागा न सोडता, ‘पुलं’, पूर्ण ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ आणि रोमनमधले ‘पी. एल.’. तक्ता ज्यात ठेवला होता त्या ॲपने ‘सारख्या वाटणाऱ्या नोंदी’ म्हणून एक सूचना दाखवली. पुलंची पाच रूपे एकत्र करा असे ती सांगत नव्हती. पु. ल. आणि पु. य. एकच करू का, असे विचारत होती.

यंत्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अक्षरे मोजली तर फरक एकाच अक्षराचा आहे, आणि टंकनदोष समजायला तो पुरेसा आहे. उलट डोळ्यांना सारखे दिसणारे पुष्कळदा यंत्राला वेगळे असते. ‘ऱ्य’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, ‘ॲ’ एका चिन्हाने किंवा ‘अ’वर चंद्र काढून. दिसायला एकच, आत वेगळे. त्यात १९६२चे शुद्धलेखनाचे नियम. त्याआधीचे ‘बालकवि’, नंतरचे ‘बालकवी’. जुन्या शीर्षकांवरचे अनुस्वार नव्या आवृत्तीत गळालेले. आपल्या भाषेचा इतिहास यंत्राला टायपिंगच्या चुकांसारखा दिसतो.

“पण आता सर्च इतका हुशार झालाय, कॅटलॉग हवा कशाला?” हा प्रश्न सिलिकॉन ओएसिससारख्या ठिकाणी, जिथे दर दुसरा शेजारी सॉफ्टवेअरमधला, फार आत्मविश्वासाने विचारला जातो. ‘गडकरी’ टाइप करून बघा. आधी महामार्ग येतील. सर्च लोकप्रियतेने रांग लावतो आणि कॅटलॉग नात्याने. चार्ल्स कटरने १८७६मध्ये कॅटलॉगची कामे लिहून ठेवली. त्यांतले पहिले, म्हणजे माहीत असलेले पुस्तक सापडवणे, सर्च छान करतो. दुसरे, एका लेखकाचे या ग्रंथालयात काय काय आहे ते सगळे एकत्र दाखवणे, हे नात्याची नोंद केल्याशिवाय होत नाही. ज्या मुलीला मालतीबाई हव्या होत्या तिला विभावरी हे नाव ठाऊकच नव्हते. ती टाइप काय करणार? प्रश्न विचारताच उत्तराचा परिच्छेद लिहून देणारी नवी यंत्रे ही जोडणी कधी सांगतात, कधी नाही, आणि सांगतात तेव्हा ती कुठून घेतली हे क्वचितच नीट दाखवतात. ‘पाहा’ ही खूण निदान तपासता येते.

आणि काही ठिकाणी जोडणीच वादग्रस्त असते. नामदेवांच्या नावावर चालणाऱ्या रचनांमधून ‘विष्णुदास नामा’ हा नंतरचा कवी वेगळा काढायला अभ्यासकांना किती झटावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारदे यांनी तर ज्ञानेश्वर दोन, ज्ञानेश्वरीचे वेगळे आणि अभंगांचे वेगळे, असा वाद उभा केला. आणि तोही कोणत्या नावाने? ‘भारद्वाज’ या टोपणनावाने. तो पक्ष टिकला नाही, पण तो वाद म्हणजे मराठीतले ऑथॉरिटी कंट्रोलच होते, वर्तमानपत्राच्या पानावर, मतभेदासकट. यंत्राने दोन नोंदी एक केल्या तर असा वाद होत नाही. कुणाला कळतही नाही.

विषयांच्या नावांचा पसाराही आहेच, पण त्यात आज शिरत नाही. अमेरिकन विषयसूचीत दीर्घकाळ अस्पृश्य या अर्थाचा इंग्रजी शब्द होता आणि पुढे त्याजागी ‘दलित’ आला, एवढे सांगितले तरी तिथेही काय पणाला लागलेले असते ते ध्यानात येईल.

आपल्याकडे हे काम कधी झालेच नाही असे मात्र कुणी समजू नये. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, १९४३मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे १९५०पर्यंतचा दुसरा भागही केला. गं. दे. खानोलकरांचे ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’, जया दडकर आणि सहकाऱ्यांचा ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’: कोण कोणत्या नावाने लिहीत होते, कुणाचे जन्मनाव काय, हे सगळे या ग्रंथांत आहे. नाव ऑथॉरिटी फाइलचे नाही, पण आशय तोच. रंगनाथन यांनी १९३४मध्ये तालिकीकरणाची संहिता लिहिली तेव्हा भारतीय नावांचा पेच त्यांना बाहेरून शिकावा लागला नाही. त्यांच्याच नावात शियाळी गाव, रामामृत वडील आणि रंगनाथन ते स्वतः, आडनाव नाहीच. म्हणजे बुद्धी होती आणि चिकाटीही होती. तुटला तो दुवा कागद आणि पडदा यांच्यामधला. दात्यांनी जे ठरवले ते ज्या यंत्रांना आज सगळे जग विचारते त्यांच्यापर्यंत पोचलेले नाही, आणि ते पोचवण्याचे काम कुणाच्या नोकरीचा भाग नाही.

परदेशातल्या मराठी मंडळांवर माझा आक्षेप इथेच आहे. आपण पुस्तके आणतो, पेट्या फिरवतो, दिवाळी अंकांची भिशी लावतो. यादी करायची वेळ आली की ती घरातल्या सगळ्यांत मोकळ्या माणसाकडे देतो आणि दोन रकान्यांत उरकतो. वाचनसंस्कृतीवर परिसंवाद होतात. ‘पाहा’ची नोंद करायला कुणी बसत नाही, कारण तिचा फोटो काढता येत नाही.

आमच्या तक्त्यात आता सहा रकाने आहेत. पुस्तकावर छापलेले नाव जसेच्या तसे, टिंबासकट. आम्ही ठरवलेले प्रमाण नाव. इतर नावे, देवनागरीत. पासपोर्टवर लिहितात तशा रोमनमधले नाव, म्हणजे इथे वाढलेल्या मुलांना शोधता येईल. विकिडेटाचा क्रमांक, असेल तर. नसेल तर तिथे लेखकाचे पान तयार करण्याचे काम सातवी ते बारावीच्या मुलांना दिले आहे, आणि ती ते आमच्यापेक्षा भराभर करतात. सहावा रकाना ‘का?’ असा आहे. प्रमाण नाव हेच का ठरवले, एका ओळीत. सर्वांत जास्त भांडणे या रकान्यात आहेत. साने गुरुजींना ‘साने, पांडुरंग सदाशिव’ करावे की ‘साने गुरुजी’च ठेवावे, यावर दोन शुक्रवार गेले. गुरुजी जिंकले. खानोलकर आणि आरती प्रभू वेगळे ठेवले, जोडून. गडकऱ्यांचा निकाल अजून लागलेला नाही. आमच्यात एक बाळकरामवादी आहेत, ते ऐकत नाहीत.

त्या मुलीचा निबंध ‘कळ्यांचे निःश्वास’वर झाला. तिने संदर्भात लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर असे दिले आणि खाली टीप जोडली. शिक्षकांनी टिपेवर खूण करून विचारले, लेखिका एक की दोन? आता ती त्याचे उत्तर लिहिते आहे.

तुमच्या कपाटात शिरूरकरांचे, खानोलकरांचे किंवा गडकऱ्यांचे जुन्या आवृत्तीतले पुस्तक असेल, आजोबांच्या ट्रंकेतून सातासमुद्रापार आलेले, तर त्याचे आतले पान उघडून नाव नेमके कसे छापले आहे ते पाहा. नंतरच्या आवृत्त्यांत पुष्कळदा टोपणनावाशेजारी कंसात खरे नाव येऊन बसते. ते कोणत्या आवृत्तीपासून बसले हे आम्हाला त्या सहाव्या रकान्यात लिहायचे आहे.